तीन डबे एका टेबलावर ठेवले म्हणजे क्लस्टर झालं? कुबरनेटीसवाल्या भाऊंना उत्तर

दारव्हेकर
परवा कपाशी_ऑप्स भाऊंनी ठणकावून लिहिलं की गावातल्या संस्थेला स्वतःच्या मशीनवर ॲप चालवायचे असतील तर सरळ तीन मिनी पीसी घ्या, केथ्रीएस टाका, म्हणजे कुबरनेटीसची हलकी आवृत्ती, जी अनेक मशीन जोडून एक क्लस्टर करते आणि त्यावर ॲप चालवते. डॉकर कम्पोजवर, म्हणजे एकाच मशीनवर एका फाइलीतून सगळे ॲप उभे करून, धंदा चालवणारे सगळे हौशी. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. कमेंटमध्ये मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

भाऊ, तिन्ही मशीन एका टेबलावर, एका एक्स्टेन्शन बोर्डावर, एका स्विचवर, एका डीपीवर. लाईट गेली की तिघंही सोबतच जातात. मग उपलब्धता वाढली कुठून?

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत एकच मशीन आहे. त्यावर ईआरपीनेक्स्ट (हिशेब-साठ्यासाठी) आणि नेक्स्टक्लाउड (फाइलींसाठी). तुरीच्या सीझनला काट्यावर ट्रॅक्टर लागलेले असतात. मशीन बसलं तर कपाटातलं दुसरं काढायचं, रात्रीचा बॅकअप चढवायचा, कम्पोज अप. हे आमचा बी.कॉम. झालेला ऑपरेटर करतो. 'क्रॅशलूपबॅकऑफ' (ॲप पुन्हापुन्हा पडतंय अशी कुबरनेटीसची तक्रार) वाचून तो काय करणार, मला फोन करणार.

आणि 'नोड मेला की पॉड आपोआप दुसरीकडे उभा राहतो' हे अर्धंच सांगितलंत. (नोड म्हणजे क्लस्टरमधलं एक मशीन, पॉड म्हणजे त्यावर चालणारं ॲप.) मूळ सेटिंगवर नोड बेपत्ता धरल्यावरही पॉड पाच मिनिटं हलत नाही. डेटाबेस स्टेटफुलसेटमध्ये (डेटा सांभाळणाऱ्या पॉडची सोय) असला तर तो 'टर्मिनेटिंग'वर (बंद होतोय) लटकून राहतो, कोणी हातानं सोडवेपर्यंत. केथ्रीएससोबत येणारं लोकल-पाथ स्टोरेज तर त्याच नोडच्या डिस्कला बांधलेलं. डेटा मेलेल्या मशीनमध्ये, आणि वर म्हणायचं हाय अव्हेलेबिलिटी!

कपाशी_ऑप्स
आले माह्यावरच! मी 'हौशी' म्हटलं, बिनडोक नाई म्हटलं. अन् डेटाबेस लोकल-पाथवर ठेवा असं कोणत्या ओळीत लिहिलं मी? लाँगहॉर्न टाका ना, डेटाच्या तीन प्रती वेगवेगळ्या मशीनवर ठेवते.

खरा मुद्दा तुम्ही टाळला. आमचं सारं गिटमध्ये (फाइलीतल्या बदलायची नोंद ठेवणाऱ्या साठ्यात) लिहून आहे. उद्या मी पुण्याले गेलो त येणाऱ्या पोट्ट्याले तो साठा म्हणजे रेपो द्याचा, फ्लक्स लावाचा (रेपो वाचून ते आपोआप बसवते), सारं जसंच्या तसं उभं राह्यते. तुमच्या त्या एका मशीनवर कोणत्या साली कोणता क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) टाकला हे तुमाले तरी आठवते का? माह्याआधी इथं एक जण होता. त्यानं सोडल्यावर पासवर्ड शोधण्यातच आमचा खरेदीचा सीझन गेला. तेव्हापासून मी हातानं काही बसवतच नाई.

पुणे_रिटर्न
गिट कम्पोजच्या फाइललाही चालतं बरं का. कुबरनेटीसची मक्तेदारी नाही.

बाकी हे अपग्रेडचं शेपूट कोणी धरायचं? कुबरनेटीसच्या वर्षाला तीन आवृत्त्या, प्रत्येकीला साधारण १४ महिन्यांचा सपोर्ट. इन्ग्रेस-एनजिनएक्सवर (बाहेरून आलेली विनंती योग्य ॲपकडे पोचवणारा तुकडा) लोकांनी जग उभं केलं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं की मार्च २०२६ नंतर देखभाल बंद. पगारी टीम असेल तर ठीक. गावात हे कोण वाचत बसणार?

कपाशी_ऑप्स
केथ्रीएसमध्ये त्या कामाले मुळातच ट्रेफिक येते, एनजिनएक्स नाई. पह्यले वाचा, मंग टोले मारा.

संत्राबाग_मॅडम
लाँगहॉर्न १०० एमबीपीएसच्या स्विचवर चालवून पाहिलंय का कोणी? आमच्या शाळेच्या लॅबमध्ये तसलाच जुना स्विच आहे. एका उत्साही माजी विद्यार्थ्याने बसवून दिलं होतं. प्रत्येक लिखाण तीन ठिकाणी जाणार, तेवढ्यात पोरं जेवणाच्या सुट्टीला. मी सगळं काढलं आणि जुन्या लॅपटॉपवर कोलिब्री (इंटरनेटशिवाय शिकायचं ॲप) थेट इन्स्टॉल केलं. डॉकरचा कंटेनरसुद्धा नाही. लाईट गेली तरी बॅटरीवर चालतं, वेगळा यूपीएस नको.

चिमूरचा_इन्व्हर्टरवाला
मॅडम, लॅपटॉप भरोशाचा नाई. बॅटरी संपून बंद पडला की लाईट आल्यावर आपोआप चालू होत नाई, बटन दाबाले माणूस लागते. मिनी पीसीच्या बायोसमध्ये लाईट येताच चालू होण्याचं सेटिंग राह्यते.

राजेहो, तुमी पॉड-पॉड करून राह्यले, अर्ध्या लोकायचा इन्व्हर्टरच चुकीच्या मोडवर आहे. इको मोडवर चेंजओव्हरले (लाईटीवरून बॅटरीवर जायले) वेळ लागते, तेवढ्यात मशीन रीस्टार्ट. त्यात एटसीडी (क्लस्टरची नोंदवही) दर लिखाणाले डिस्कची हमी मागते. स्वस्त एसएसडीवर असे झटके बसले की फाइल खराब. यूपीएस मोड लावा.

दारव्हेकर
लावला होता. आमचं गोदाम गावठाण फीडरवर नाही, शेतीच्या फीडरवर आहे. एका आठवड्यात दिवसा लाईट, दुसऱ्या आठवड्यात रात्री. लाईट आली की सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू, व्होल्टेज १८०च्या खाली. यूपीएस मोड त्यालाही 'लाईट गेली' समजतो आणि बॅटरीवर जातो. फॅन फिरतोय, बल्ब मिणमिणतोय आणि बॅटरी उतरतेय. चार्ज कधी होणार?

चिमूरचा_इन्व्हर्टरवाला
मंग आधी स्टॅबिलायझर लावा. अन् बॅटरीतलं पाणी कधी पाह्यलं होतं?

पुणे_रिटर्न
आला, दुकान घेऊन आला. आता ट्यूब्युलर बॅटरीचा भाव सांगेल.

चिमूरचा_इन्व्हर्टरवाला
काऊन बे, फुकट सांगून राह्यलो त पोटात दुखते? चिमूरले ये मे महिन्यात. टिनाच्या खोलीत ठेव तुहा सर्वर अन् मंग बोल. रास्पबेरी पाय ८० डिग्रीले पोचला की स्वतःच वेग कमी करते. आमच्याकडे त्यासाठी त्याले काही कामही द्या लागत नाई.

संत्राबाग_मॅडम
'बे'वर आलात की मी धागा बंद करायला सांगणार. पण गरमीचं खरं आहे. आमच्या एका लॅपटॉपची बॅटरी फुगून टचपॅड वर आलं होतं. बटन दाबायला माणूस लागतो हेही मान्य, शिपायाला तेवढं शिकवलंय.

कपाशी_ऑप्स
दारव्हेकर, शेतीच्या फीडरवर सर्वर ठेवून क्लस्टरले नावं ठेवता! तुमच्या जागी मीही एकच मशीन ठेवलं असतं, जा, लिहून घ्या. माह्यं ऑफिस तालुक्याले आहे, तीन मशीन दोन इन्व्हर्टरवर आहेत. एक मशीन खोलून साफ करतो तवा बाकीचे दोन काम करतात, काटा थांबत नाई.

दारव्हेकर
लिहून घेतलं. आता हे सांगा: तीनपैकी दोन मशीन एका इन्व्हर्टरवर असणार ना? नेमका तो बसला तर उरलेल्या एकट्याकडे बहुमत नाही. कोरम गेला, एटसीडी थांबलं.

दुसरं, तुमचे एटसीडीचे स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या प्रती) कुठे पडतात?

कपाशी_ऑप्स
दर बारा तासाले निघते, मागचे पाच राह्यते. केथ्रीएस स्वतःच करते.

दारव्हेकर
मूळ सेटिंगवर ते त्याच मशीनच्या डिस्कवर. आणि त्यात क्लस्टरची स्थिती असते, काट्याच्या पावत्या नसतात.

कपाशी_ऑप्स
पावत्यायचा बॅकअप लाँगहॉर्नमधून एनएफएसवर (नेटवर्कवरच्या डिस्कवर) जाते, तो डबा माह्या घरी आहे. तेवढी अक्कल आहे मले. इन्व्हर्टरचं मात्र बोलले ते बोलले, तिसरा पाहतो. आता तुमी सांगा, रिस्टोअर करून कोणी पाह्यलं? का नुसता बॅकअप निघून राह्यला?

दारव्हेकर
ऑपरेटरच करतो, सीझनच्या आधी, कपाटातल्या मशीनवर. मी हात लावत नाही, बाजूला बसतो. या बघायला.

कपाशी_ऑप्स
येतो. पण कम्पोजची फाइल गिटमध्ये नसन त चहा नाई पेणार.

चिमूरचा_इन्व्हर्टरवाला
जाऊनच राह्यले त गोदामाचं अर्थिंगही तपासून या भाऊ. लोकं खड्ड्यात मीठ-कोळसा टाकतात अन् विसरतात. उन्हाळ्यात त्यात पाणी कोणीच टाकत नाई.