मदत हवी आहे : घोडीचे केस किती कातरावे, झूल कसली घालावी? (खानापूर)

मळ्यातला_गडी
लग्नसराई तोंडावर आलीय. घोडी मळ्यात आंब्याखाली उघड्यावरच असते. केस हे एवढे वाढलेत. वरातीत घामानं निथळते, परत आली तरी वाळत नाही. त्यात रात्री दव. पहाटे बघावं तर थरथरालीय. मशीननं केस काढायचे ठरवलंय. किती काढू आणि वर झूल कसली? लवकर सांगा, गुरुवारी सुपारी आहे.

निपाणीकर
वय? जात? घरी किती वाजता येते? खायला काय? काहीच लिहायचं नाही आणि वर लवकर सांगा!

मळ्यातला_गडी
केस कातरायला जात कशाला लागते ओ? रात्री बारा-एकला येते. कडबा आणि भुसा.

रानवाट
काही कातरू नका. धनगरांची तट्टं वर्षभर रानात असतात, त्यांना कोण झूल घालतंय? अंगभर केस असलेलं, पोटभर वैरण खाल्लेलं घोडं साधारण ५ अंशापर्यंत आरामात राहतं. वैरण आतड्यात आंबते त्याचीच ऊब असते. रात्रीचा कडबा वाढवा, झालं.

अथणी_पागा
धनगराची तट्टं बँडपुढे नाचत नाहीत, साहेब. केस घामानं भिजून अंगाला चिकटले की त्यांची ऊब संपली. थरथरतेय ती त्यामुळेच.
गडी, सगळं अंग भादरू नका. मानेची खालची बाजू, छाती आणि पोट, घाम येतो तेवढंच. पाठ, कंबर, पाय सोडा. तोंडावरच्या मिशांना तर हातच लावू नका, अंधारात घोडं त्यांनीच चाचपतं. आधी खरारा करून धूळ काढा, अंग कोरडंठाक पाहिजे. पातं मधूनमधून गालाला लावून बघायचं, चटका बसला तर थांबून तेल.

मळ्यातला_गडी
न्हाव्याचं मशीन चालेल?

अथणी_पागा
चार बोटं जाऊन अडकेल. जनावरांचंच आणा.

चंदगडकर
डांबरी रस्त्यावर नाचवत असाल तर नाल बघा आधी. आमच्याकडे एका घोडीचा पाय घसरून नवरदेव गटारात गेला होता.

गाडीवान
घोडी विकायची आहे का? इनबॉक्स करा.

रानवाट
कातरलेल्या घोड्याला १५ अंशालाच थंडी वाजू लागते. डिसेंबरात आपल्याकडे पहाटे तेवढं उतरतंच. म्हणजे आधी केस काढा, मग झुलीला पैसे घाला. शर्यतवाल्यांची फॅशन सगळी.

गाडीवान
शर्यतीला नावं ठेवू नका. २०२३ ला सुप्रीम कोर्टानं परवानगी दिलीय.

निपाणीकर
तो निकाल जल्लीकट्टू, कंबळ आणि बैलगाड्यांचा. घोडं कुठून आलं त्यात? विषयावर या.
झुलीचं सांगतो. ओल्या अंगावर ताडपत्री अजिबात नको, आत वाफ धरते. घोडी आली की पाठीवर वाळलं गवत पसरा, वर गोणपाट बांधा. गवतातून हवा खेळते, अंग वाळतं. वाळल्यावर गोणपाट काढून घोंगडं. खांद्याच्या उंचवट्यावर झूल घासते, तिथे रोज हात घालून बघा. आतला हात दमट लागला तर जास्त झालंय. ऊन आलं की काढायची. तशीच ठेवून कामाला जाऊ नका.

जुना_डॉक्टर
एक विचारतो. मे महिन्यात केस झडले होते का?

मळ्यातला_गडी
नाही. उन्हाळाभर असेच होते, पोटाखाली तर कुरळे. त्याचा काय संबंध?

जुना_डॉक्टर
वय सांगा आता. पाणी किती पिते?

मळ्यातला_गडी
अठरा-वीस असेल. पाणी लई, बादल्या पुरत नाहीत. म्हातारपण म्हणून सोडलं.

जुना_डॉक्टर
मग हा नुसता थंडीचा मामला दिसत नाही. केस येणं-झडणं दिवसाच्या लांबीवर चालतं. उन्हाळ्यातही झडले नाहीत, वर तहान, वर वय, म्हणजे कुशिंगचा संशय. मेंदूखालच्या ग्रंथीचा आजार आहे. रक्तात एसीटीएच (त्याच ग्रंथीचं संप्रेरक) तपासतात, औषध पर्गोलाईड, तेही जन्मभर. यात खुरं धरण्याचा, म्हणजे आतून सुजून दुखण्याचा धोका असतो, लंगडली तर थांबू नका. केस काढायला हरकत नाही, आरामच पडेल. पण कातरण्याआधी सगळ्या अंगाचे फोटो काढून ठेवा, नाहीतर डॉक्टरांना दाखवणार काय?

रानवाट
म्हातारी घोडी आणि नाचवताय? धन्य.

मळ्यातला_गडी
फोटो काढले. सोमवारी डॉक्टर येणार आहेत. गुरुवारची सुपारी भावाच्या घोडीवर ढकललीय. जनावरांचं मशीन बेळगावात भाड्यानं कुणाकडे मिळेल?