मदत हवी आहे: आदिवासी भागातल्या ट्रस्ट हॉस्पिटलचं कम्प्लायन्स (लायसन, रिपोर्ट, नियमांचं पालन) कसं बसवायचं?

नमस्कार मंडळी. मेळघाटात धारणीच्या बाजूला एका ट्रस्टचं 30 खाटांचं हॉस्पिटल आहे, त्याचं प्रशासन सध्या माझ्याकडे आलंय. पेशंट बहुतेक कोरकू आदिवासी. डिलिव्हऱ्या, कमी वजनाची बाळं, सर्पदंश, सिकलसेल, सगळंच. डॉक्टर-सिस्टर जीव लावून काम करतात, तिथे प्रश्नच नाही. प्रश्न कागदांचा आहे. कुठलं लायसन कधी संपतं, कुठल्या ऑफिसला काय पाठवायचं हे सगळं आमच्या अकाउंटंट काकांच्या डोक्यात आहे आणि काका लवकरच रिटायर होताहेत.

यादी करायला बसलो तर संपेचना. नर्सिंग होम रजिस्ट्रेशन सिव्हिल सर्जनकडे, गर्भलिंगनिदान बंदी कायद्याखाली प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा फॉर्म एफ आणि दर महिन्याच्या 5 तारखेच्या आत रिपोर्ट, एक्स-रे मशीनचं लायसन एईआरबीकडे (अणुऊर्जा नियामक मंडळ), बायोमेडिकल वेस्टचा वार्षिक अहवाल 30 जूनच्या आत एमपीसीबीला (राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ), आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला म्हणजे फायरचा फॉर्म बी जानेवारीत आणि जुलैत, धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट (ट्रस्टी वगैरे बदलले की) आणि आयपीएफचा, म्हणजे निर्धन रुग्ण निधीचा हिशोब, परदेशी देणग्यांच्या कायद्याचं (एफसीआरए) रिटर्न डिसेंबरपर्यंत, शिवाय लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची इंटर्नल कमिटी. त्यात धर्मादायचा 10 टक्के खाटा निर्धनांना आणि 10 टक्के दुर्बल घटकांना हा नियम, आमच्याकडे जवळपास सगळेच निर्धन, तरी प्रत्येकाचं रेशनकार्ड नाहीतर तहसीलदाराचा दाखला फाइलला लागतोच, आणि दाखल्यासाठी त्या माणसाचा एक दिवसाचा रोज बुडतो.

ट्रस्टी म्हणतात शहरातला कन्सल्टंट नेमू, तो पॉलिसींचं जाडजूड बाड देईल. मला ते नकोय, कारण ते कपाटात जाणार. तीन माणसांच्या ऑफिसला रोज चालवता येईल असं काही हवंय. आणि दोन गोष्टी खास विचारायच्यात. पावसाळ्यात घाट बंद पडला की कचऱ्याची गाडी येत नाही, पिवळ्या पिशव्या (अवयव, रक्ताने माखलेला कचरा) पडून राहतात, एक जण म्हणाला खड्डा खणा आणि मोकळे व्हा, चालतं का? आणि संमतीपत्र मराठीत, बाईला फक्त कोरकू येते, खाली अंगठा. इन्स्पेक्शनला हे पास होतं पण मला ते पटत नाही.

रानवाट:
खड्डा असा खणून चालत नाही हो दादा. बायोमेडिकल वेस्टच्या 2016 च्या नियमांप्रमाणे 75 किमीच्या आत कचऱ्यावर प्रक्रिया करणारं सामायिक केंद्र असेल तर स्वतःची सोय उभारता येत नाही, आणि डीप बरियल (खोल खड्ड्यात पुरणं) फक्त दुर्गम भागात, जिथे केंद्राची सेवाच पोचत नाही तिथे, तेही एमपीसीबीच्या ऑथोरायझेशनमध्ये (परवानगीपत्रात) लिहिलेलं असेल तर. खड्डा 2 मीटर खोल, त्याच्या तळापासून पाणी निदान 6 मीटर खाली, वर जाळी, दर वेळी कचरा टाकला की मातीचा थर, आणि अर्धा भरला की चुना टाकून वर माती. तुमच्याकडे गाडी एरवी येते, म्हणजे तुम्ही यात बसणं अवघड आहे. पण मानवी अवयव आणि रक्ताने माखलेला कचरा 48 तासांच्या वर ठेवायची वेळ आली तर कारण देऊन बोर्डाला कळवायची तरतूद आहे. घाट बंद झाला त्याच दिवशी मेल टाका, रस्ता बंदची बातमी जोडा, कुलूपबंद खोलीचा फोटो काढून ठेवा. लपवलेलं महागात जातं, कळवलेलं नाही.

सिस्टर_विदर्भ:
मी अशाच हॉस्पिटलात राहिले आहे. काकांना बसवून प्रत्येक लायसनला एक पान करून घ्या: नंबर, कुठलं ऑफिस, कधी संपते, मागच्या वेळी काय क्वेरी आली होती (हेच सगळ्यात कामाचं), आणि जबाबदार माणूस एकच. "ऑफिस" असं लिहायचं नाही, नाव लिहायचं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मेडिकल डायरेक्टरसमोर पुढच्या 90 दिवसांत काय संपते तेवढंच वाचायचं. आणि सोनोग्राफीचा फॉर्म एफ सोनोग्राफी झाली त्याच दिवशी पूर्ण, रिकामा रकाना राहिला की ती क्लेरिकल चूक धरत नाहीत, सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये ते स्पष्ट केलंय.

संमतीचं म्हणाल तर कोरकू येणारी सिस्टर किंवा आया समजावून सांगते तिचं नाव, सही, वेळ फॉर्मवर घ्या. नवऱ्याला दुभाषी करू नका, विशेषतः नसबंदी आणि गर्भपाताच्या वेळी. समजावून झाल्यावर बाईलाच विचारायचं, काय करणार आहेत सांग, ती जे बोलली ते दोन ओळीत लिहायचं. पेशंटच्या हक्कांची सनद दर्शनी भागात लावायचं नर्सिंग होमच्या 2021 च्या सुधारित नियमांत आहेच, ती कोरकूत रेकॉर्ड करून ओपीडीत ऐकवा की.

रानवाट:
फायरला हलकं घेऊ नका. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जानेवारी 2021 मध्ये आगीत 10 नवजात बाळं गेली. फॉर्म बी देणारी एजन्सी लायसन्सवाली हवी, ती डोंगरात एकट्या हॉस्पिटलसाठी यायला कुरकुर करते, आजूबाजूच्या दोन-तीन संस्था मिळून एकाच दिवशी बोलवा.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. 90 दिवसांचं वाचन लगेच सुरू करतोय. एक राहिलं, या कामाला सिस्टरपैकीच एकीला अर्धा वेळ दिला तर तिचा पगार एफसीआरएच्या 20 टक्के मर्यादेच्या प्रशासकीय खर्चात धरायचा का?

सिस्टर_विदर्भ:
वॉर्डातल्या कामाचा भाग बाहेर, फायलींचा भाग आत. ड्युटी शीटवर तास वेगळे दाखवा आणि सीएकडून वाटणी लेखी घ्या, तोंडी नको.