अनुभव धागा: लॉगिनच्या नोंदी पाहिल्या अन्...

मंडळी, कॉम्प्युटर एक अन् बसणारे पाच, हे आपल्याकडे गावोगावी. कोण कधी बसलं होतं हे शोधायची वेळ कोणाकोणावर आली? काय सापडलं? लिहा. सुरुवात मी करतो.

आर्वीकडच्या एका जिनिंगमध्ये मी हिशेब पाहतो. सर्व्हर लिनक्सचा. ऐन सीझनात एका गाडीचं वजन रात्री बदललेलं दिसलं, तेही माझ्या नावानं. मी तर घरी झोपलेलो! सकाळी 'लास्ट' कमांड मारली, कोण कधी लॉगिन झालं ते ती दाखवते. माझं नाव, काट्यावरच्या मशीनचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), २३:४१ ते २३:५५, पुढे कंसात १४ मिनिटं. रात्रपाळीला दोघं होते अन् दोघांनाही माझा पासवर्ड पाठ, कारण मीच तो मॉनिटरच्या कडेवर मार्करनं लिहून ठेवला होता. शेठजी म्हणाले, "मग कोण होता?" म्हटलं, "यात तर मीच दिसतो." शेवटी काट्याची पावती काढली. रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं राहिलं होतं, तेच कोणीतरी दुरुस्त केलेलं. कोणी, ते दोघंही सांगत नाहीत.

पुसदवाला: 'लास्ट'मध्ये वेळेच्या जागी 'क्रॅश' दिसलं की घाबरू नका राजेहो. मी व्हायरस समजून रात्रभर जागलो. लाइट गेली की मशीन बंद झाल्याची नोंदच पडत नाही, म्हणून तसं येते. आमच्या फीडरवर तर रोजचंच.

खडूफळा: आमच्या शाळेत विंडोज. त्यातल्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिक्युरिटी लॉग उघडून ४६२४ चा (लॉगिन झाल्याच्या नोंदीचा नंबर) फिल्टर लावला, तर हजारो नोंदी, बहुतेक 'सिस्टीम'च्या. त्यातले लॉगऑन टाइप २ तेवढे वेचले, म्हणजे समोर बसून केलेले. (१० म्हणजे रिमोट डेस्कटॉप, दुसऱ्या मशीनवरून केलेले.) एक दिवस पाहते तर लॉगच साफ! पण पुसल्याचीही नोंद पडते, ११०२, अन् तिच्यात पुसणाऱ्याचं नाव असतं. निघाले आमचेच सर. "मले वाटलं मशीन हलकी होईन," म्हणे.

मेहकरी: आमच्या ऑफिसात सगळ्यांचं एकच लॉगिन, 'ॲडमिन'. काय पाहता बाप्पा!

लॅबवाला: अकरावीतला पोरगा २००९ साली लॉगिन झालेला दिसला. तेव्हा तो पाळण्यात असेल. मदरबोर्डावरचा सेल उतरला होता, घड्याळ मागं गेलं होतं. सेल बदलला, पण आधीच्या नोंदींवर भरवसा नाही.

धागाकर्ता: @लॅबवाला, हे भारी! आणखी एक, उशीर करू नका. दिवाळीची भानगड मी होळीत शोधायला गेलो, तोवर डब्ल्यूटीएमपी फाईल ('लास्ट' जिच्यातून वाचते ती) बदलून जुनी पुसली गेलेली. आमच्याकडे ती महिन्याला बदलते अन् जुनी एकच राहते.

चिमूरकर: फसलेले लॉगिन पाहायला 'लास्टबी' मारा, रूट (लिनक्सचं मुख्य खातं) लागते. मी मारली तर नावाच्या रकान्यात साहेबांचा पासवर्ड! घाईत नावाच्या जागी तोच टाइप केलेला. आता त्यांना बदला म्हणावं, तर मले कसा दिसला हे सांगावं लागते. चार दिवस झाले, रोज चहाला जातो अन् तसाच वापस येतो.