सोलापुरी चादरीचं जाकीट: उसवण्याबद्दल

जुन्या सोलापुरी चादरीचं जाकीट शिवलं की शिलाईतून धागे सुटतात, म्हणून तो नाद सोडावा, असं काही जण म्हणतात. धागे सुटतात हे खरंच. वीण जाड आणि सैल, कात्री लागली की कडा झडायला लागते. पण कापल्या कापल्या इंटरलॉक (कडा झडू नये म्हणून तिच्यावरून मारायची शिलाई) मारून घेतलं, शिलाईच्या बाहेर दीड-दोन सेंटीमीटर कापड (दाब) ठेवलं आणि मशीनला १६ नंबरची जाड सुई लावली, तर काही होत नाही. कापायच्या आधी चादर खिडकीच्या उजेडात धरा. अंग टेकून टेकून मधला भाग विरलेला असतो, तिथून पाठ काढली तर ती खांद्याशी फाटणारच. पाठ आणि बाह्या कडेच्या भागातून काढा, विरलेलं कापड खिशाच्या आत वापरा.

आणखी एक: या चादरीची नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते. त्यामुळे अस्तर घालूच नका, फार वाईट वाटतं ते झाकलेलं बघून! आतल्या शिलाईला तिरक्या कापलेल्या सुती कापडाची पट्टी लावा आणि बाही दुमडून घाला. मरून रंगाच्या बाहीला पांढऱ्यावर मरून नक्षीचा कफ आपोआप मिळतो.