मारुती ८००: बेल्ट पुन्हा पुन्हा ढिला पडतोय, घरीच ताणावा का?

सावंतवाडीकर
नमस्कार मंडळी. गाडी २००६ ची मारुती ८००, एसी नाही. दोन महिने झाले, सकाळी पहिल्यांदा चालू केली की बॉनेटमधून चीं करून ओरडते, अर्धा-एक मिनिट. पावसात जास्त. हेडलाइट आणि वायपर एकदम लावले की पुन्हा सुरू. परवा बॅटरीचा लाल दिवाही मंद पेटलेला दिसला. इथल्या एका मेकॅनिकने दोनदा बेल्ट ताणून दिला. पहिल्यांदा पंधरा दिवस टिकला, दुसऱ्यांदा जेमतेम आठ. दर महिन्याला आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बेळगावला न्यावं लागतं, म्हणजे आंबोली घाट आलाच. पान्यांचा सेट आहे, मल्टिमीटर आहे. हे काम घरी जमेल का?

घाटवाट
जमेल, पण तोवर घाट चढू नका. या गाडीत तोच बेल्ट अल्टरनेटरही (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) फिरवतो आणि वॉटर पंपही. आपण त्याला फॅन बेल्ट म्हणतो, पण पंखा विजेच्या मोटरवर चालतो. त्यामुळे पंखा फिरतोय म्हणून निर्धास्त राहू नका. बेल्ट तुटला की पाणी खेळायचं थांबतं आणि चढावर इंजिन बघता बघता तापतं. लाल दिवा पेटला आणि तापमानाचा काटा वर गेला तर गाडी तिथल्या तिथे बंद करायची, पुढच्या वळणापर्यंतही न्यायची नाही.

पाना बारा
मी २० वर्षं ही गाडी स्वतः सांभाळतोय. ताणण्याआधी एक गोष्ट बघा: बेल्ट पुलीत (ज्या खाचेच्या चाकावर तो फिरतो) बसलाय कसा? हा व्ही आकाराचा बेल्ट खाचेच्या दोन्ही भिंतींना धरून चालतो, तळाला टेकता कामा नये. झिजून बारीक झाला की आत धसतो आणि तळावर घासतो. मग कितीही ताणा, घसरणारच. पुलीच्या खाचेचा तळ आरशासारखा चकाकत असेल आणि बेल्टची पाठ पुलीच्या काठाखाली गेली असेल, तर नवा बेल्टच घाला. आठ दिवसांत पुन्हा ढिला होतोय त्यावरून मला हाच संशय आहे.

आता काम. इंजिन थंड, किल्ली काढून खिशात, हँडब्रेक वर. सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. अल्टरनेटरच्या मागच्या जाड तारेत किल्ली बंद असतानाही करंट असतो, तिथे पाना टेकला तर ठिणगी उडते.

अल्टरनेटर दोन ठिकाणी धरलेला असतो. एक बिजागरीसारखा बोल्ट, ज्यावर तो झुलतो, आणि दुसरा लांब खाचेच्या पट्टीतला. दोन्ही ढिले करा. बरेच जण फक्त पट्टीतला ढिला करतात आणि टॉमी (लोखंडी कांब) घालून ओढतात, मग अल्टरनेटर तिरका बसतो आणि पुली एका रेषेत राहत नाहीत. बेल्ट काढलात की अल्टरनेटर हाताने फिरवून बघा, खरखर लागते का. वॉटर पंपाची पुली धरून हलवा. लपक म्हणजे ढिली हालचाल असेल किंवा खालून पाण्याचे ओघळ दिसत असतील तर आधी पंप.

नवा बेल्ट घातल्यावर लाकडी दांडा किंवा टॉमी अल्टरनेटरच्या जाड ओतीव भागाला लावून ओढा. पुलीला किंवा मागच्या पातळ कव्हरला लावू नका. आधी पट्टीचा बोल्ट आवळा, मग बिजागरीचा. सर्वात लांब टप्प्याच्या मध्यावर अंगठ्याने जोरात, म्हणजे साधारण १० किलोचा भार देऊन दाबा. मी ६ ते ९ मिमी दबेल एवढा ठेवतो. तुमच्या गाडीचं पुस्तक असेल तर त्यातला आकडा पाळा. आवाजाच्या रागाने तारेसारखा ताणू नका. जास्त ताणलेला बेल्ट ओरडत नाही, पण पंपाची आणि अल्टरनेटरची बेअरिंग खातो, आणि ती दुरुस्ती बेल्टच्या कितीतरी पट पडते.

कराडकर
आमच्याकडे बेल्टला साबण लावतात. आवाज लगेच जातो.

पाना बारा
कराडकर दादा, आवाज जातो, घसरणं राहतं. साबण, मेण, स्प्रे काहीच नको. वर धूळ चिकटून बेल्ट आणखी गुळगुळीत होतो. त्यापेक्षा साधं पाणी परीक्षेला वापरा. चालू गाडीत लांबून थोडं पाणी उडवा, हात-बाही आत न नेता. आवाज वाढला तर बेल्ट ढिला. क्षणभर थांबून परत आला तर पुली तिरक्या. बेल्टवर ऑइल किंवा कूलंट असेल तर गळती आधी बंद करा.

नवीगाडी
माझ्या गाडीत बारीक खाचांचा रुंद बेल्ट आहे. हेच करायचं का?

पाना बारा
बहुतेक नाही. त्यात स्प्रिंगचा आपोआप ताणणारा टेन्शनर असेल तर हाताने ताणायचं काहीच नसतं. ढिला वाटला तर टेन्शनर गेलाय किंवा बेल्ट झिजलाय. काढण्याआधी बेल्ट कुठून कुठे जातो त्याचा फोटो घ्या. आणि प्लास्टिकच्या कव्हरआडचा टायमिंग बेल्ट वेगळा, त्याला सवयीशिवाय हात लावू नका.

सावंतवाडीकर
मंडळी, काम झालं. पानादादा, अगदी तुम्ही म्हणालात तसंच निघालं: खाचेचा तळ चकचकीत, बेल्ट आत धसलेला. शिवाय बिजागरीचा नट हाताने फिरत होता, दोन्ही वेळेस कुणी आवळलाच नव्हता. पंप आणि अल्टरनेटर ठीक आहेत. नवा बेल्ट घातला, दाब ७ मिमी. चालू गाडीत बॅटरीवर १४.१ व्होल्ट, दिवे-वायपर लावून १३.८. अडीच तास गेले, त्यातला एक तास गंजलेला बोल्ट सोडवण्यात.

काल भर पावसात आंबोली चढून बेळगावला जाऊन आलो. आई शेजारी बसून विचारत होती, आज गाडी गप्प कशी?

पाना बारा
सावंतवाडीकर दादा, हात छान चाललाय तुमचा. नवा बेल्ट सुरुवातीला थोडा सैल होतोच. २०० ते ३०० किमी झाले की थंड इंजिनावर पुन्हा दाबून बघा. आणि एक जादा नवा बेल्ट डिकीत टाका, सोबत त्या दोन बोल्टांचे पाने.