पगार किती ते नको, पैसा कुठे गळतो ते सांगा (अनुभव धागा)

मुलुंडकर

मंडळी, सिंगापूरहून नोकरीचं पत्र आलंय. आकडा बघून आधी सासऱ्यांनी गुणाकार केला, मग शेजारच्या काकांनी. डॉलर गुणिले रुपये, आणि लगेच "मग काय, सुटलास की लेका!" मला गुणाकार नकोय. अकरा वर्षं मुंबईत भाड्याच्या घरात काढल्यावर एवढं कळलंय की महाग शहरात सगळंच महाग नसतं. एकदोन भोकं असतात आणि पैसा तिथूनच गळतो. नव्या माणसाला ती दिसत नाहीत, हीच तर पंचाईत.

माझ्यापासून सुरुवात करतो. मुलुंड पूर्व, वन बीएचके, भाडं ३४ हजार. दर ११ महिन्यांनी नवा करार, एजंटची एका महिन्याची दलाली, आणि मालकांचा ठरलेला फोन: "यंदा थोडं बघा जरा." अकरा वर्षांत पाच घरं झाली. आमचं कपाट जिन्यातून कुठल्या बाजूने वळवायचं हे टेम्पोवाल्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण जागेचं सोडलं तर मुंबई बाकी सांभाळून घेते. सीएसएमटीचा सेकंड क्लासचा पास महिन्याला तीनशेच्या आत, भांडी आणि केर-लादीच्या मावशी तीन हजारांत, आणि ऑफिसखालचा वडापाव अजून तरी रडवत नाही.

आता तुमचं लिहा. आकडे स्वतःचे हवेत, ऐकीव नकोत.

फोडणीवाली

सिंगापूर, सहावं वर्ष. तुमच्या कामाचं आहे म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही पुंगोलला एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माणाच्या फ्लॅटमध्ये राहतो. भाडं २,९०० डॉलर. ते तुम्हाला आधीच कळलं असेल. करारातली बारीक कलमं मात्र कोणी सांगत नाही. एसी दर तीन महिन्यांनी सर्व्हिस करून घ्यायचा आणि पावत्या जपायच्या. आमची एक पावती हरवली, तर घर सोडताना मालकांनी डिपॉझिटमधून कापून घेतले. भिंतीला खिळा मारायचा नाही. दत्ताचा फोटो दोन वर्षं फ्रिजवर टेकून उभा होता.

आणि ते प्रसिद्ध कलम, "लाइट कुकिंग ओन्ली". पहिल्या घरी मालकीणबाई त्याच फ्लॅटमध्ये पलीकडच्या खोलीत राहायच्या. मी हिंगाची डबी उघडली की त्यांच्या खोलीचं दार बंद व्हायचं. महिनाभर आम्ही भात, दही आणि उकडलेल्या भाज्या खाल्ल्या. शेवटी दोघांना अख्खा फ्लॅट घ्यावा लागला, आणि भाड्याचं गणित तिथेच कोसळलं. तेव्हा माझ्या हिशेबाच्या वहीत "फोडणी" या सदराखाली महिन्याला हजार डॉलर जादा पडतात असं समजा!

बाहेरचं खाणं स्वस्त आहे, हॉकर सेंटरला पाच-सहा डॉलरमध्ये पोट भरतं. बस आणि एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, उत्तम. गाडीचा विचारही मनात आणू नका. गाडी घेण्याआधी सीओई नावाचा १० वर्षांचा परवाना लिलावात घ्यावा लागतो. २०२३ मध्ये तो एक लाख डॉलरच्या वर गेला होता, आणि हा नुसता परवाना बरं, गाडी त्यात नाही. आयकर आपल्यापेक्षा पुष्कळ कमी. पण परदेशी माणसाला सीपीएफ लागू नाही, म्हणजे पीएफसारखं आपोआप काही साठत नाही. आम्ही पहिली तीन वर्षं हातात येतो तो सगळा पगार आपलाच समजून उडवला. तुम्ही तसं करू नका.

हॅरोची आई

लंडनमध्ये भाडं सोसतं हो, पाळणाघर सोसत नाही. आमचा दोन वर्षांचा, आठवड्याचे पाचही दिवस, महिना १,७५० पौंड. घरभाडं १,७००. म्हणजे माझं पोर माझ्या घरापेक्षा महाग जागेत राहतं.

"अहो, तिकडे सरकार तीस तास फुकट देतं ना?" असं गावाकडून सगळे विचारतात. देतं, पण आम्हा दोघांच्याही व्हिसावर सरकारी मदत मिळणार नाही असा शेरा आहे, म्हणून आम्ही त्यात बसत नाही. कर मात्र पुरता भरतो. दवाखाना फुकट म्हणतात, त्याचंही तसंच. व्हिसाच्या अर्जाबरोबर आरोग्य अधिभार आधीच भरावा लागतो. २०२४ पासून मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, लहानाला ७७६. तिघांचे तीन वर्षांचे मिळून साडेआठ हजार पौंड एका दिवसात गेले. कंपनीने आमच्यातल्या एकाचेच दिले. पत्र हातात आल्यावर तेवढं विचारायला विसरू नका.

पाळणाघर सहाला बंद. त्यानंतर मिनिटाच्या हिशेबाने दंड. मेट्रोपॉलिटन लाइन रखडली की नवरा वेम्बली पार्कहून मेसेज टाकतो, "पळ". मी लॅपटॉप उघडा टाकून पळते.

एक चांगलंही लिहिते. इथे डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ते सरकारमान्य योजनेखाली सुरक्षित ठेवावं लागतं. आम्हाला पहिल्या घराचं पै न पै परत मिळालं.

एचएसआरचा भाडेकरू

पै न पै हे शब्द वाचून डोळे पाणावले. बेंगळुरूला मी १० महिन्यांचं भाडं डिपॉझिट भरलं होतं, २ लाख ८० हजार. सोडताना रंगकामाचे म्हणून एका महिन्याचं भाडं कापलं. ते इथे रीतच आहे म्हणे. नवा भाडेकरू त्याच भिंतींत राहायला आला, रंग कोणी पाहिला नाही.

बेसमेंटवाला

झुरिक. भाडं, जेवण, केस कापणं, सगळंच महाग, त्यावर काय लिहायचं. पगारही त्याच मापाचे. मला गळती लागली ती आरोग्यविम्याची. इथे तो सक्तीचा, आणि कंपनी भरत नाही. आम्हा नवराबायकोचे महिना आठशे फ्रँक. हप्ता कमी व्हावा म्हणून मी वर्षाला पहिले २,५०० फ्रँक स्वतः भरायचा पर्याय घेतला. तब्येत ठणठणीत आहे, म्हटलं आपल्याला काय होतंय. फेब्रुवारीत बर्फावर घसरलो. मनगट आणि शहाणपण एकदमच मोडलं. नंतर कळलं की नोकरदाराला अपघाताचा वेगळा विमा कंपनीकडून असतोच, आणि आरोग्यविम्यातला अपघाताचा भाग वगळून हप्ता कमी करता आला असता. वर्षभर दोन्हीकडे भरत बसलो होतो.

कचऱ्याचंही ऐका. कर भरलेल्या ठरावीक पिशवीतच कचरा टाकायचा, साधी काळी पिशवी ठेवलीत तर शोधून काढून दंड करतात. त्या पिशव्या महाग, म्हणून आमची मंडळी पिशवीवर उभी राहून कचरा दाबते.

शनिवारी रिकामी सुटकेस घेऊन कोन्स्टान्झला, म्हणजे सीमेपलीकडे जर्मनीत जातो. दूध, चीज, डायपर, सगळं जवळपास अर्ध्या भावात. जर्मन कस्टम्सचा शिक्का मारून घेतला की तिकडचा करही परत मिळतो. २०२५ पासून स्विस बाजूला करमुक्त मर्यादा माणशी ३०० वरून १५० फ्रँकवर आणली. तेव्हापासून लेकीलाही बाबागाडीतून नेतो. माणशी मोजतात ना!

बदलापूर ७.०२

सगळे पैशाचंच लिहिताय. माझं भाडं ९ हजार. रोजचे साडेतीन तास लोकलमध्ये. याचा दर कोणत्या चलनात लावायचा?

मुलुंडकर

@बदलापूर, दादा, तुमचं खरंय. आम्ही त्या साडेतीन तासांपायीच २५ हजार जास्त मोजतोय.

न्यूअर्क अव्हेन्यू

जर्सी सिटीत राहतो, नोकरी मॅनहॅटनला. न्यूयॉर्कमध्ये घर बघायला गेलो तेव्हा एजंटने पहिलाच प्रश्न टाकला, "भाड्याच्या चाळीसपट वार्षिक पगार आहे का?" म्हणजे अडीच हजार डॉलरच्या खोलीला एक लाख पगार पाहिजे. शिवाय नव्या माणसाला क्रेडिट हिस्ट्री नाही, जामीन कोण राहणार? नदी ओलांडून अलीकडे आलो. दोघांत एक घर घेतलं, न्यूयॉर्क शहराचा वेगळा आयकर वाचला, आणि खाली उतरलं की कोथिंबीर आणि इडलीपीठ. तोटा एवढाच की पाथ ट्रेनचं तिकीट वेगळं आणि सबवेचं वेगळं, जाता-येता दोन्ही.

घरात वॉशिंग मशीन नाही. रविवारी सकाळी नाण्यांची पिशवी घेऊन लॉन्ड्रीत बसतो आणि तिथूनच आईला फोन लावतो. मागे मशीनची घरघर ऐकून ती विचारते, "अरे, गिरणीत आहेस का?"

बर दुबई

थोडक्यात. आयकर शून्य, पण घरभाडं वर्षाचं, पुढच्या तारखांच्या चेकनी. मी चार चेक देतो. एकरकमी एका चेकनी दिलं तर भाडं कमी होतं, म्हणजे ज्याच्याकडे आधीच पैसा त्यालाच सवलत. वीजबिलात पालिकेचे वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के येतात, महिन्यामहिन्याने वाटून. आणि शाळेला सुटी लागली की मुंबईची विमानतिकिटं. चौघांची जुलैतली तिकिटं काढली की आयकर भरल्याचं समाधान मिळतं.

वाघोलीतली

आम्ही "पुणे स्वस्त" म्हणून मुंबई सोडली. भाडं खरंच निम्मं झालं. मग दोन दुचाकी घेतल्या, कारण बसची वाट बघण्यात आयुष्य गेलं असतं. आणि मार्च लागला की सोसायटीचा मेसेज येतो: टँकरचे जादा अमुक इतके. पाणी विकत घ्यायचं असतं हे मुलुंडला असताना ठाऊक नव्हतं.

मुलुंडकर

सगळ्यांचे आभार, वहीत उतरवून घेतोय. आज सिंगापूरच्या एजंटला फोन करून तीनच गोष्टी विचारल्या: एसीच्या पावत्या, खिळे आणि स्वयंपाक. पहिल्या दोन त्याने झटक्यात सांगितल्या. तिसरीवर तो म्हणाला, "लाइट इज ओके." बायकोने फोन हातातून घेऊन विचारलं, "सुक्या बोंबलाचं कालवण लाइटमध्ये धरता का?" पलीकडे शांतता. @फोडणीवाली, पुंगोलला तुमच्या इमारतीत एखादा फ्लॅट रिकामा होतोय का?

फोडणीवाली

सातव्या मजल्यावरचा जूनमध्ये होतोय. खिडकी वाऱ्याच्या दिशेला आहे, बोंबील चालतील. कुकर तिकडूनच आणा, आणि दोन जास्तीच्या रिंगा.