मदत हवी आहे: किनेटिक होंडाचा बेल्ट बदलायचाय, पुढचा नट सुटेना

नमस्कार मंडळी. बाबांची 1996 ची किनेटिक होंडा स्कूटर घरीच दुरुस्त करतोय. चढावर इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी काही पळायची नाही. किकच्या बाजूचं कव्हर उघडलं तर आत काळी भुकटी साचलेली आणि बेल्टच्या दात्यांच्या मुळाशी बारीक चिरा.

नवीन बेल्ट आणलाय, पण व्हेरिएटरच्या (बेल्टच्या पुढच्या पुलीच्या) नटला पाना लावला की इंजिनच फिरतं. पंख्याच्या पात्यांत स्क्रू ड्रायव्हर अडकव, असं एकाने सांगितलं. पात तुटली तर सुटा भाग शोधत हिंडावं लागेल, म्हणून धजत नाही. पिस्टन अडावा म्हणून प्लग काढून सिलिंडरमध्ये दोरी भरायची युक्तीही ऐकली आहे, पण टू-स्ट्रोकमध्ये ती पोर्टमध्ये (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांत) अडकणार नाही ना? की गॅरेजमधून इम्पॅक्ट गन (झटके देऊन नट सोडवणारं मशीन) मागून आणू?

आणखी एक. नवा बेल्ट मागच्या पुलीत खोल दाबून मगच पुढचा नट आवळायचा, नाहीतर बेल्ट चिमटतो, हे बरोबर ना? व्हेरिएटरमधले रोलर चपटे निघाले तर सहाही एकदम बदलू का?

याच गाडीवर पुढे उभा राहून मी शाळेत गेलोय. भंगारात द्यायची नाही. कुणी स्वतः हे काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.